माझी दाढी आणि अकोल्याचं पाणी

आता या फजितीचं तुम्हाला काय सांगू? ती मला नीट आठवते का, इथूनच शंका आहे. माझ्या मते तेव्हा हिवाळा होता. विमलच्या, म्हणजे बायकोच्या मते तुरी निघून गेल्या होत्या आणि उन्हं तापायला लागली होती. चट्टा तिच्या डाव्या गालावर होता असं मी म्हणतो, ती उजव्या म्हणते. गाल तिचा आहे, तेव्हा तिचंच धरा.

एवढं मात्र पक्कं, की चट्टा होता आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मी रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. राहणार अमरावती. नावापुढे डॉक्टर लागतं, पण त्याचा घरात कोणाला उपयोग झाल्याचं आठवत नाही. स्वभाव काळजीचा. दाराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलो की परत येतो, कुलूप ओढून पाहतो आणि निघतो. मग ओढताना ते निघालं तर नसेल, या विचाराने पुन्हा परत येतो. विमल आमच्या लग्नापासून त्या कोपऱ्यावर उभी आहे.

तर झालं असं, की माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चेहऱ्याला पाणी लावायचं नाही म्हणून दाढी वाढली. पांढरीशुभ्र. बाजारात ओळखीचे लोक म्हणायला लागले, "सर, शोभून राहिली तुमाले." आता विचार करा, माझं काही शोभतं असं आयुष्यात प्रथमच कोणी म्हणत होतं. मी ती ठेवली. फार वाढली तर बुवाबाजी करतो असं वाटेल, या भीतीने मुलाने दिलेल्या मशीनने ती आखूड करत राहिलो.

आणि विमलच्या गालावर चट्टा उठला. लाल, खरखरीत, चुरचुरणारा.

तुम्ही म्हणाल, यात काय कोडं आहे? तुम्ही शीर्षक वाचून बसला आहात. मला कोणी शीर्षक दिलं नव्हतं.

मी शास्त्रीय पद्धतीने लागलो. आधी साबण बदलला. मग उशीचे अभ्रे उकळले. मग कोरफड, मग खोबरेल तेल, मग थंड दुधाच्या घड्या. फाटकाजवळ गाजरगवत उगवलं होतं, त्याने अंगाला खाज सुटते हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ते उपटून टाकलं. त्याने माझ्याच हातांना खाज सुटली. घरात आता दोन रोगी झाले.

"तुमी काहीच करू नका," विमल म्हणाली. "मले चट्टा परवडला."

पण मी कसला ऐकतो. तिला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर माझाच विद्यार्थी निघाला, अकरावीतला. तो खुर्चीतून उठून उभा राहिला. मग त्याने विमलचा गाल पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा गाल पाहिला.

"सर, दाढी केव्हापासून ठेवली?"

मला वाटलं, जुन्या गुरूची विचारपूस करतो आहे. मी त्याला मोतीबिंदूची कथा पहिल्यापासून सांगितली. बाहेर पेशंट ताटकळले होते. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी मलमाची ट्यूब लिहून देत म्हणाला, "सर, थोडं घर्षण टाळा."

"कोणी?"

तो टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागला. "दोघांनीही."

मी घरी आलो आणि खरखरीत टॉवेल होते नव्हते ते सगळे फेकून दिले. घर्षण टाळायचं होतं ना. तिला मलमलीचा पंचा आणला, मलाही आणला. दोघांनीही म्हणाला होता.

चट्टा हलला नाही.

तेवढ्यात अकोल्याहून विमलच्या धाकट्या बहिणीचा, कुंदाचा फोन आला. तिचा पाय मुरगळला होता. विमल मदतीला गेली. परत आली तर गाल स्वच्छ. लहान मुलीसारखा. मी म्हटलं, सुटलो. संध्याकाळी नेहमीसारखं दोघं शेजारी बसून बंगळूरला मुलाशी, अभयशी आणि नातीशी फोनवर बोललो. आणि दोन-तीन दिवस जातात न जातात तोच चट्टा परत.

कुंदाच्या पायाला प्लॅस्टर पडलं, विमल पुन्हा गेली. चट्टा गेला. ती आली. चट्टा आला.

आता सांगा, शिकलेला माणूस यातून काय निष्कर्ष काढेल? अकोल्यात आहे आणि अमरावतीत नाही, असं काहीतरी तो शोधेल. मी शोधलं. कुंदाचं घर गावाबाहेर, तिथे बोअरचं पाणी, आणि ते पाणी खारं. त्या पट्ट्यात सगळीकडे खारंच. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. मला वाटलं, हीच ती गोम. क्षार. औषधी गुण. लोक असल्या पाण्यात डुबक्या मारायला गरम झऱ्यांवर जातात, आणि आमच्या मेहुणीच्या घरी ते मोरीतून वाहून जातं.

मी दोन रिकामे कॅन घेऊन अकोल्याला गेलो.

कुंदा पाय स्टुलावर ठेवून बसली होती. "भाऊजी, हे पाणी नेता तुमी? अमरावतीले?"

"प्रयोगासाठी."

"काय बाप्पा. आमच्या इथची म्हैस तोंड लावत नाही याले." ती आत नवऱ्याला ओरडली, "अहो, ऐकलं का, भाऊजी आपलं पाणी घेऊन चालले. त्याईले म्हना, बोअरच घेऊन जा."

मी त्याच दिवशी परत निघालो. एसटीत कंडक्टरने कॅन पाहिले आणि थबकला. "बाबाजी, डिझल हाय का?"

"पाणी आहे."

"कुठलं?"

"इथलंच. अकोल्याचं."

"अन् चालले कुठी?"

"अमरावती."

तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग मागच्या सीटवरच्या माणसाला म्हणाला, "पाहा भाऊ. याईच्याकडे नळ नसन." मूर्तिजापूर येईपर्यंत सगळ्या बसला कळलं होतं. एक बाई माझ्यासाठी हळहळली. उतरताना कॅन उचलायला मदतही केली. माणसं चांगली असतात हो, फक्त फार पाहतात.

विमल त्या पाण्याने तोंड आणि केस धूत राहिली. तिचे केस केरसुणीसारखे झाले. चट्टा होता तसाच राहिला, उलट त्याला क्षारांची पांढरी किनार आली.

मग मी दुसरा निष्कर्ष काढला. पाणी नाही, हवा. म्हणजे अमरावतीच सोडायला हवी.

इथवर गंमत होती. इथून मला झोप लागेना. निवृत्तीचा सगळा पैसा या घरात घातलेला. आयुष्य या गल्लीत गेलं. आणि या वयात अकोल्यात भाड्याने राहायचं, कुंदाच्या शेजारी, त्या पाण्यावर? मी एका दलालाला घर दाखवलंसुद्धा. तो भिंती ठोकून पाहत होता, आणि विमल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याच्याकडे पाहत होती.

तो गेल्यावर ती म्हणाली, "घर विकाचं नाही."

"मग चट्टा?"

"चट्ट्यासाठी घर विकते का कोनी? मी जाऊन राहिली कुंदाकडे. बरं वाटलं की पाहू."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर तिथंच राहीन," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. थकून म्हणाली, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

ती गेली. मी खिचडी करून खाल्ली. सकाळीही तीच खाल्ली. बाहेर निघालो तर कोपऱ्यावर कोणी नाही. कुलपाकडे परत जायचंही मन होईना. संध्याकाळी ती अकोल्याहून परस्पर अभयशी बोलायची, मी इथून बोलायचो. नात विचारायची, "आजोबा, आजी वेगळ्या फोनमध्ये का गेली?" आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

शेवटी मीच बॅग भरली. म्हटलं, अकोल्यात खोली पाहू. घर राहिलं तर राहिलं, गेलं तर गेलं. बायको अकोल्यात आणि मी अमरावतीत, हे काही जमणार नाही.

कुंदाकडे पोचलो तेव्हा विमलचा गाल लख्ख होता. संध्याकाळी अभयला फोन लावला. विमलने फोन हातात धरला आणि नेहमीसारखी म्हणाली, "इकडं सरका. तुमी दिसून नाही राहिले." मी सरकलो. "अजून." आणखी सरकलो. त्या एवढ्याशा काचेत दोघांची तोंडं मावायची तर गालाला गाल लावावाच लागतो, ही आमची पहिल्यापासूनची रीत. नात बोलत सुटली की अर्धा तास तसंच बसायचं. आणि खरं सांगायचं तर, फोन ठेवल्यावर मी लगेच तोंड बाजूला घ्यायचो असंही नाही. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चट्टा आला.

मी बाजेवर मटकन बसलो. "कुंदा, संपलं. अकोल्याची हवासुद्धा बिघडली."

कुंदाने विमलचा गाल पाहिला. मग कुबडी टेकत माझ्यासमोर आली. "भाऊजी, उजेडात या."

"का?"

"या त. अन् त्या दाढीवर स्वतःचा हात फिरवा. उलटा."

मी फिरवला.

"कसं लागते?"

"जरा... खरखरीत."

"जरा? तुरी कापल्यावर वावरात खुंट्या राहते, तशी हाय ते. अनवाणी चालून दाखवा त्याच्यातून. तुमी आले की चट्टा येते, तुमी गेले की चट्टा जाते. अन् तुमी पानी नेऊन राहिले कॅनमधी." एवढं बोलून तिला हसू आवरेना. तिचा नवरा वर्तमानपत्र घेऊन अंगणात गेला. कागद थरथरत होता.

विमल भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचेही खांदे हलत होते.

"तुम्हाला वाटतं तसं काही नाही," मी म्हटलं. "आम्ही फोनवर बोलतो."

"हो ना."

"कुंदा, व्हिडिओ कॉल असतो. दोघं त्यात मावत नाही."

"मावत नसान, भाऊजी. मी कुठं काय म्हनून राहिली?"

तुम्ही कधी खरं बोलून खोटे पडला आहात का? मी जितकं समजावू तितकं ते वाईट होत गेलं. शेवटी माझ्या बाजूने शास्त्र उभं राहील म्हणून मी त्या डॉक्टर विद्यार्थ्यालाच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळ्यांनी ऐकावं म्हणून.

"मला सांग, केवळ फोनवर बोलताना गालाला दाढी लागून असा चट्टा येऊ शकतो ना?"

"येऊ शकतो, सर. कशानेही येऊ शकतो. मला त्याच दिवशी दाढीची शंका आली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"सर, तुम्ही मला अकरावीत बाकावर उभं केलं होतं. तुम्हाला मी हे कसं विचारणार?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "सर, या वयातही तुमचं इतकं चांगलं आहे, बरं वाटलं."

अंगणात वर्तमानपत्र खाली पडलं.

त्याने उपाय सांगितला, तोही सर्वांनी ऐकला. दाढी पुरती काढा नाहीतर चांगली वाढू द्या; अर्धवट आखूड ठेवू नका, आखूड केसच बोचतात. चट्ट्यावर थंड पाण्याच्या घड्या, साधं मलम, आणि काही दिवस विश्रांती.

"कोणाला विश्रांती?" कुंदाने विचारलं.

मी फोन बंद केला.

त्याच दिवशी अकोल्यातल्या न्हाव्याकडे जाऊन दाढी काढली. शोभणारी एकमेव गोष्ट गेली. पण विमल माझ्यासोबत बसने घरी आली, तिचा चट्टा गेला तो गेलाच, आणि त्या दलालाला मी फोनवर सांगितलं की घर विकायचं नाही. त्याने कारण विचारलं. मी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी आम्ही दोघं बंगळूरला अभयकडे होतो. तो आपल्या सासू-सासऱ्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. मी मागून पाहिलं तर ते दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसलेले, आणि दोघंही पूर्ण दिसत होते. मधली उशीसुद्धा.

मी अभयला म्हटलं, "यांचा फोन वेगळा दिसतो. आमच्यात दोघं मावत नव्हतो."

"मावत होता, बाबा. तुमच्या मागचं सगळं कपाट दिसायचं. मी आईला म्हटलंही होतं, एवढं चिकटून कशाला बसता."

ऐकीव गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही. मी अभयला सोफ्यावर माझ्यापासून हातभर लांब बसवलं, माझा तोच जुना फोन समोर धरला, आणि स्वयंपाकघरात मेथी निवडत असलेल्या विमलला कॉल लावला.

"विमल, आम्ही दोघं दिसतो का तुला?"

"दिसता ना. पुरे दिसता."

"मग तेव्हा आपण...?"

"तवाबी दिसतच होतो," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.