हलतंय

मासवणची ठमी भित्री नाही. भाताच्या भाऱ्यातून निघालेला साप तिने काठीने बाजूला सारलेला मी पाहिलाय. पण उजव्या बरगडीखाली कळ उठली की ती जमिनीवर लोळायची. आमच्या गावाला प्रत्येक दुखण्याचं एकच नाव ठाऊक, पित्त. सगळे तिला कोकमाचं पाणी पाजत राहिले. शेवटी गावची आशा सेविका म्हणून मीच घरच्यांशी भांडून तिला बोईसरला सोनोग्राफीला नेलं.

डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "आत हलतंय."

ठमीचा चेहरा उजळला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. "पोर हाय?" तिने विचारलं.

"नाही. पित्ताच्या नळीत जंत आहे. जिवंत."

गोळ्यांनी जंत नळीतून निघाला नाही, तेव्हा मोठ्या दवाखान्यात तोंडातून दुर्बीण घालून तो ओढून काढला. वीतभर लांब होता. कळ थांबली, भीती राहिली. ठमी पाणी उकळून प्यायची, तरी आधी पेल्यात निरखून बघायची.

यंदा तिला दिवस गेले. बोईसरच्या त्याच खोलीत, त्याच पलंगावर डॉक्टर हसून म्हणाले, "हलतंय बघ."

ठमीने दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं.