दसऱ्याचा सांगावा

पोळा होऊन थोडे दिवस झाले होते. जिनिंगच्या काट्यावर, म्हणजे जिथे कापसाच्या गाड्या तोलतात तिथे, मी सीझनच्या आधीची साफसफाई करून घेत होतो. फोन वाजला. सुखदेवच्या मंगलाचा होता. “काका, बाबा गेले...” धाडचा बाजार करून गावाकडे येताना जीपमध्येच त्याच्या छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, असं ती रडत रडत सांगत होती. मी फक्त “येतो” म्हणालो. गाडी काढली आणि देऊळघाट मागे पडेपर्यंत माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. आता मला त्याला काही सांगावं लागणार नाही. सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःचीच शिसारी आली.

आमच्याकडे अग्नी दिल्यावर स्मशानातच उभ्या उभ्या शोकसभा होते. सरपंच बोलले, भजनी मंडळातलं कुणी बोललं. मग कुणीतरी म्हणालं, “परल्हादभाऊ, तुम्ही बोला. तुमचा जोडीदार होता.” मी पुढे झालो. “सुखदेव मेहनती माणूस होता, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही...” एवढं बोललो आणि थांबलो. लोकांना वाटलं, गळा भरून आला. मी थांबलो ते त्यामुळे नाही. पुढचं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं आणि ते बोलायची हिंमत झाली नाही. ते इथे लिहितो आहे.

सुखदेव आणि मी एका गावचे, एका वर्गातले. दहावीनंतर त्यानं शाळा सोडली, मी बारावीपर्यंत रेटलं. पण चिखली रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये आम्ही एकाच सीझनला लागलो. तो प्रेसवर गेला. तिथे रुई दाबून तिची गाठ बांधतात. दिवसभर रुईचे तंतू उडत असतात, म्हणून सगळे नाकातोंडाला दुपट्टा बांधतात. संध्याकाळी माणसं ओळखू येत नाहीत, भुवयांपासून पायापर्यंत पांढरी. सुखदेव मात्र लांबूनही कळायचा, आवाजावरून. प्रत्येक गाठ प्रेसमधून बाहेर पडली की तिच्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, “जाय बाई सासरी. नांद बरोबर, माहेराचं नाव काढू नको.” रोज तेच, तरी रोज कुणीतरी हसायचंच. एकदा ट्रकवाला म्हणाला, “मामा, एवढ्या पोरी दिल्या, हुंडा किती गेला?” सुखदेव म्हणाला, “हुंडा शेठच घेते ना बे. मी तं निसता रडाले उभा हाये.” शेठ मागे उभे होते. तेही हसले. पण मला आता वाटतं, ते वाक्य त्यांच्या लक्षात राहिलं असावं.

सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा शेठनी आधी सुखदेवला विचारलं होतं, कारण लोक त्याचं ऐकायचे. तो म्हणाला, “मले नका गुतवू. परल्या शिकेल हाये, त्याले करा.” बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “आता तू सायब झाला. पण सांगावा घेऊन तूच येत जाय माह्या घरी. दुसऱ्याले पाठवशीन तं मी येत नसतो.”

हा सांगावा म्हणजे काय, ते सांगायला हवं. जिनिंगचं काम दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि उन्हाळा लागता संपतं. मग माणसं घरी. पुढच्या सीझनला कोण येणार, हे आमच्याकडे कधी कागदावर ठरलं नाही. दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, त्या पूजेला यायचा निरोप ज्याच्या घरी गेला, तो कामावर. पूजेच्या नारळाचा तुकडा हातात पडला की त्याचं वर्ष पक्कं. निरोप न्यायचं काम माझं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गाडीवर गावोगाव फिरायचो, उंद्रीकडे, धाडकडे, आमच्या गावाला शेवटी. आणि बोलावल्याशिवाय गेटवर जाऊन उभं राहायचं नाही, हा या माणसांचा मान होता. काम मागायला जाणं वेगळं आणि कामावर बोलावलं जाणं वेगळं. दसरा तोंडावर आला की सुखदेव दुपट्टा धुवायला टाकायचा, आणि मी जाईपर्यंत दाढी करून ओट्यावर बसलेला असायचा. “आला का सायब? चहा घे अन् मंग सांग,” म्हणायचा. जसं काही मी काय सांगणार ते त्याला ठाऊकच नव्हतं.

कोरोनाच्या टाळेबंदीच्या वर्षी ऐन सीझनमध्ये यंत्रं थांबली. आवारात सगळ्यांना उभं करून शेठ म्हणाले, “घरी जा. सुरू झालं की बोलावतो.” माणसं गेली. जाताना कुणी भांडलं नाही. भांडायचं कशाला, बोलावतो म्हणाले होते ना. सुखदेव दुपट्टा खांद्यावर टाकून गेटमधून बाहेर पडला आणि मागे वळून बंद प्रेसकडे बघत मला म्हणाला, “एक पोरगी अर्धीच बांधेल राह्यली बे.”

जिनिंग पुन्हा सुरू झाली तेव्हा ठेकेदाराची माणसं आली. बाहेरची, तरणी, दर सीझनला वेगळी. जुन्यांपैकी थोडेच बोलावले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेठनी मला ज्यांची नावं सांगितली, त्यांत सुखदेव नव्हता. मी विचारलं नाही, का नाही म्हणून. त्या वर्षी मी आमच्या गावाला गेलोच नाही.

पुढच्या वर्षी बुलढाण्याहून एक वकीलबाई आमच्या भागात यायला लागल्या. शाळेच्या व्हरांड्यात माणसं जमवून त्या समजावून सांगायच्या. संकटाच्या काळात ज्यांना घरी बसवलं, त्यांना परत बोलावणं हा मालकाचा उपकार नाही. नवी माणसं घ्यायची असतील तर आधी जुन्यांना विचारलं पाहिजे, त्यासाठी अर्ज करता येतो, सगळ्यांनी मिळून सही करा. शेठच्या कानावर हे गेलं. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली. “प्रल्हादराव, तुमच्या गावचे लोक तुमचं ऐकतात. कागदपत्रांच्या भानगडीत पडू नका म्हणावं. तुमची तर जागा पक्कीच आहे.” धमकी अशी नव्हतीच. पण पक्कीच आहे, हे ज्याला मुद्दाम सांगावं लागतं त्याची जागा किती पक्की असते, हे मला कळत होतं. माझी मुलगी तेव्हा नर्सिंगला होती. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा मात्र मी स्वतःला हेच कारण सांगितलं.

मी गावाला गेलो. सुखदेव ओट्यावरच होता. कमलवहिनींनी चहा ठेवला. त्यानं सरळ विचारलं, “सही करू का नको? तू सांग. तुले आतलं माहीत रायते.”

मी म्हणालो, “नको करू. शेठले राग येईन. मी बोललो हाये त्यायच्याशी. जरा थांब, तुहा सांगावा येते.”

“तूच घेऊन येशीन?”

“मीच येईन.”

शेठशी मी एक शब्दही बोललो नव्हतो.

त्याच्या जोडीनं गावातले आणखी दोघं थांबले, सुखदेव थांबला म्हणून. उंद्रीकडच्या तिघांनी सह्या केल्या. तारखा पडल्या, शेठ चिडले, आदळआपट झाली, आणि शेवटी तिघांनाही परत घ्यावं लागलं. आज ते माझ्यासमोर काम करतात. सुखदेव धाडच्या बाजारात पोती उतरवायला लागला. हमालीचं वय नव्हतं ते. कधी बाजारात गाठ पडली की मी लांबूनच वाट बदलायचो. तो मात्र हाक मारायचा. शेवटची भेट अशीच, पोळ्याच्या आधीच्या बाजारात. मी बैलाच्या गोंड्यांच्या दुकानाआड होतो, त्यानं तिथून मला शोधून काढलं. पाठीवर थाप मारली, गाठीला मारायचा तशी. “काऊन बे परल्या, लपून राह्यला का? कपाशी बरी हाये म्हंते यंदा. सीझन लंबा जाईन.” मी हो हो म्हणालो. तो हसून म्हणाला, “दुपट्टा धुऊन ठेवतो मंग.” तो टोमणा होता की त्याला अजून खरंच आशा होती, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

यंदा दसऱ्याला पूजा झाली. नारळ फुटला, माझ्याही हातात तुकडा पडला. मी तो खाल्ला नाही. रुमालात बांधला आणि तसाच गावाला गेलो. वहिनी अंगणात होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. शेठशी कधी बोललो नव्हतो, तुमच्या माणसाला मी खोटं थांबवलं, त्यानं सही केली असती तर तो आज प्रेसवर असता... वहिनी म्हणाल्या, “मी म्हनलं होतं त्यायले, भाऊजी. ते उंद्रीचे लागले कामाले, आता तरी करा सही. ती वकीलबाई दोनदा येऊन गेली. तर म्हने, नाई. परल्यानं आपल्याले थांबवलं हे शेठले माहीत हाये. आता आपन कागद केला तं परल्याच्या नौकरीवर येईन. त्याची पोरगी शिकून राह्यली.”

मी ओझं उतरवायला गेलो होतो. आता ते कुठे ठेवावं कळत नाही.

सुखदेवबरोबर थांबलेल्या गावातल्या त्या दोघांना मी वकीलबाईंकडे घेऊन गेलो. त्यांना थांबवणारा मीच, हे लिहून दिलं. त्यांचं काय होईल माहीत नाही. माझंही नाही. हे छापून आल्यावर पुढच्या दसऱ्याला मला पूजेला बोलावतील असं वाटत नाही. सुखदेवला मात्र या कशाचाच उपयोग नाही.

दसऱ्याच्या त्या दिवशी निघताना मी रुमाल सोडून नारळाचा तुकडा वहिनींपुढे धरला. त्यांनी हात पुढे केला नाही. “ठेवा तिथी,” म्हणाल्या. मी तो ओट्यावर ठेवला, सुखदेव बसायचा त्या जागी. गाडीकडे वळलो तेव्हा दोरीवर त्याचा दुपट्टा दिसला. विटलेला, कडेला तेलाचा जुना डाग, अजून ओला. मी बघत राहिलो, तशा वहिनी म्हणाल्या, “दसरा आला ना... हात आपोआप गेला. धुतल्यावर ध्यानात आलं.” आणि मग त्या दोरीपाशी गेल्या, आणि लवकर वाळावा म्हणून त्यांनी तो उन्हाकडे सरकवला.