जावयाने उचललेलं गीत

मला गाता येत नाही, ही गोष्ट माझ्या सासूबाईंना लग्नानंतर सतरा वर्षांनी कळली.

त्यात त्यांची काही चूक नाही. आम्ही राहतो तलासरीला, सासर गंजाडला. सणासुदीला तिथल्या चर्चमध्ये गेलो की मी दानियलकाकांच्या शेजारी बसायचो. काकांची चिकूची वाडी आणि आवाज, दोन्ही ऐसपैस. ते गायला लागले की खिडकीतली कबुतरं उडायची! मी शेजारी गीतपुस्तक धरून नुसते ओठ हलवायचो. बायकांच्या बाजूने सासूबाईंना मी दिसायचो आणि काका ऐकू यायचे. (त्यांनी दोन्हीची बेरीज केली, त्याला मी काय करणार?) "आमच्या जावयांचा गळा म्हणजे देवाची देणगी," असं त्या गावभर सांगत. मी नम्रपणे मान खाली घालून हसायचो. तिथेच चुकलं.

गेल्या वर्षी सासूबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. रविवारी उपकारस्तुतीची उपासना ठरली आणि त्यांचा फोन आला.

"जावई, माझं आवडतं गीत त्या दिवशी तुम्ही उचलायचं. पहिलं कडवं तुम्ही एकट्याने, मग मंडळी."

"आई, माझा घसा जरा..."

"आठ दिवस आहेत अजून. हळद-दूध घ्या."

"आता तरी खरं सांगून टाका," माझी बायको शालिनी म्हणाली.

"सांगतो ना!" म्हटलं आणि नाही सांगितलं. मी उलट दानियलकाकांनाच फोन केला. मी उभं राहून तोंड उघडायचं, काकांनी मागे बसून गायचं! काका लगेच तयार झाले. पण रविवारी चर्चच्या पायरीवर कळलं, की मुलीच्या बाळंतपणासाठी ते पहाटेच वापीला गेलेत. बाळाला नेमका तोच मुहूर्त सापडला!

पाळकसाहेबांनी माझं नाव पुकारलं. माझा मेहुणा सुनील पेटीवर होता. त्याने सूर दिला आणि मी सुरुवात केली. सुनील दचकला. मी कुठे आहे ते शोधायला त्याने एक पट्टी दाबली, मग दुसरी, मग तिसरी. शेवटी भाता बंद करून हात जोडून बसला. (प्रार्थना सुरू झाली असं वाटून पाळकसाहेबांनीही डोळे मिटले!) मंडळी मात्र प्रामाणिक. मला एकट्याला बुडू द्यायचं नाही म्हणून तीही गाऊ लागली. ध्रुवपदाला मी इतका वर गेलो की पुरुषांनी साथ सोडली. म्हणून घाईने खाली उतरलो, तर बायका वरच राहिल्या!

मी थांबलो. हळूहळू सगळेच थांबले. समोर सासूबाई नवी साडी नेसून, हातात रुमाल घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना.

तेवढ्यात त्या बाकाला धरून उठल्या आणि गीत पहिल्यापासून म्हणू लागल्या. आवाज बारीक, थरथरता, पण सुराला पक्का. सुनीलने पेटी उघडली. दुसऱ्या ओळीला अख्खं चर्च गात होतं. मी ओठसुद्धा हलवले नाहीत.

उपासनेनंतर मी त्यांना बाजूला गाठलं. "आई, तो आवाज दानियलकाकांचा होता. इतकी वर्षं."

"आणि तुमचा?"

"माझे नुसते ओठ."

त्या पदर तोंडाला लावून पायरीवरच बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, मी दर रविवारी तुमच्या गळ्याबद्दल देवाचे आभार मानत होते! त्याला काय वाटलं असेल?"

पुढे त्यांनीच पाळकसाहेबांना सांगून मला मंडळीत काम मिळवून दिलं. गंजाडला गेलो की फळ्यावर गीतांचे क्रमांक लिहायचे. "यात सूर लागत नाही," म्हणाल्या. पहिल्याच खेपेला मी ८३ च्या जागी ३८ लिहिलं, आणि एका गोंडस बाळाच्या बाप्तिस्म्याला सगळी मंडळी अंत्यविधीचं गीत उघडून उभी राहिली!