रवा पडलेलं लोखंड

लोखंडाची एक पट्टी वाकवताना ‘कट्’ असा जो आवाज झाला, तो निवृत्तीनंतरही माझ्या कानातून गेलेला नाही. त्या आवाजाने एक माणूस सुटला आणि दोघे अडकले. नावं मी कुणाचीच घेणार नाही. त्या प्रकरणात ज्यांनी माझं नाव घ्यायचं टाळलं, त्यांचीही नाही.

तेव्हा मी महाडला तपासी अधिकारी होतो. एका कारखान्यात रसायन ढवळण्याच्या टाकीवर अपघात झाला. मोटर आणि दांडा यांचा जोड निसटून नुसता फिरू नये म्हणून दांड्याच्या खाचेत बोटाएवढा लोखंडी तुकडा बसवतात, त्याला चावी म्हणतात. ती चावी चालू मशीनमधून उडाली आणि शेजारी उभ्या असलेल्या फिटरच्या कपाळात बसली. तो जागीच गेला.

मी पोचलो तेव्हा मॅनेजरने कागद तयारच ठेवला होता. मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरची लेखी कबुली: मी मशीन एकदम पूर्ण वेगाने सुरू केलं. खाली सही. गुन्हा नोंदवला, ऑपरेटरला अटक झाली, जामीन मिळाला. पण तो घरी जाऊ शकत नव्हता. मेलेला फिटर आणि तो पोलादपूरकडच्या एकाच वाडीतले, शेजारी शेजारी घरं. जामिनावर सुटून तो महाडला मेव्हण्याच्या खोलीत लपून राहिला.

त्याची बायको मात्र रोज सकाळच्या एसटीने यायची आणि ठाण्याच्या पायरीवर बसायची. रडणं नाही, पाया पडणं नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्यावर खेकसलो, कोर्टात जा म्हणालो. ती उठलीसुद्धा नाही.

“कोर्ट काय तेराव्याच्या आदी सांगनार हाय, साहेब? तेराव्याला आमी त्यांच्या दारात उभं नाय ऱ्हायलो, तर परत कंदीच नाय ऱ्हानार.”

तिचं बरोबर होतं. कायद्याला महिने लागतात, वाडीचा निकाल तेरा दिवसांत लागतो.

पंचनाम्याला मी मुद्दाम बाजारातल्या एका म्हाताऱ्या टर्नरला पंच घेतलं होतं. लेथवर आयुष्य गेलेला माणूस. त्या दिवशी तो मॅनेजरसमोर काही बोलला नव्हता. चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर मला गाठून हळूच म्हणाला, “खाचेतला चुरा बोटात धरून बघितलात काय? लोखंड फाटतं, साहेब. ह्याचा रवा पडलाय. झिजलेली खाच वरून भरून घेतलेली हाय ती.”

सीलबंद मुद्देमाल पुन्हा पंचांसमोर उघडला. खरंच रवा होता, उपम्याच्या रव्यासारखा. ऑपरेटरला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, वेग नेहमीसारखाच हळूहळू वाढवला होता. मग सही का केलीस? “दवाखान्याला कागद लागतो बोलले. मी वाचला नाय.” मी टेबलावर मूठ आपटली. राग त्याच्यावर नव्हता. तो कागद पहिल्या दिवशी मीही खरा मानला होता, याचा होता.

कारखान्याच्या गेटवरच्या नोंदवहीत दांडा दुरुस्तीसाठी बाहेर गेल्याची नोंद सापडली. दुरुस्ती करणारा वर्कशॉपवाला बाहेरगावचा होता. तो फाइल घेऊनच आला. काम कोल्ड स्प्रेचं. यात धातूची पूड वितळवत नाहीत. दाबाच्या गॅसने ती इतक्या वेगाने मारतात की कण आपटून चपटे होतात आणि एकमेकांना चिकटून थर तयार होतो. त्याच्याकडे कडकपणाच्या चाचणीचा कागद होता. थर मूळ लोखंडापेक्षाही कडक निघाला होता. वरिष्ठांचा फोन आला: चाचणी पास आहे, कबुली आहे, दोषारोपपत्र टाका.

माझी आई महाडच्या बाजारात सुकी मासळी विकायची. तिच्या पाटीशेजारी बसून मी एक गोष्ट शिकलो. माल किती चांगला आहे हे विचारलंत तर विकणारा खोटं बोलतो. माल कुजका आहे म्हटलंत, तर चिडून खरं बोलतो.

मी फाइल वर्कशॉपवाल्याकडे सरकवली आणि म्हणालो, “तुझा थर म्हणजे भिंतीचा पोपडा. नखाने निघाला.”

तो लाल झाला. “माझं काम कच्चं नाही, साहेब. मी चार दिवस मागितले होते. त्यांनी दोनच दिले.”

पुढचं त्यानेच सांगितलं. आपटून आपटून कण कडक होतात, पण थर ठिसूळ राहतो. दाबला तर टिकतो, ताणला किंवा वाकवला तर कण कणापासून सुटतो. भट्टीत तापवून सावकाश थंड केला की कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. त्यालाच दोन दिवस जास्त लागतात. शिवाय चावीच्या खाचेवर ताण फार, तिथे नुसता थर नको, असंही त्याने कळवलं होतं. मॅनेजरचं उत्तर त्याच्या मोबाइलमध्ये होतं: भट्टी नको, टाकी बंद ठेवता येत नाही. हे माहीत असूनही दांडा तसाच देऊन वर्कशॉपवालाही मोकळा झाला होता.

प्रत्येक कामासोबत तो सुट्या पट्ट्यांवरही तोच थर मारून नमुने ठेवायचा. या कामाच्या दोन पट्ट्या होत्या आणि आधीच्या एका कामाची, भट्टीतून काढलेली, एक. या कामाच्या दोहोंपैकी एक प्रयोगशाळेसाठी सील करून बाजूला ठेवली.

दहाव्या दिवशी मॅनेजरला बोलावलं. ठाण्यामागच्या गाड्यांच्या शेडमध्ये लोखंड घट्ट धरायचा शिकंजा होता. पंच हजर होते. भट्टीतली पट्टी टर्नरने वाकवली. काटकोनापर्यंत वाकली, थर जागेवर. दुसरी जरा वळली आणि ‘कट्’. थर तडकला, खाली रवा पडला.

“पण हार्डनेस पास आहे,” मॅनेजर म्हणाला.

“आहे ना. चिवटपणाची परीक्षा कुणी घेतली?”

मग त्याला त्याचाच मेसेज वाचून दाखवला. पाणी मागून झाल्यावर त्याने विचारलं, साहेब, काही मार्ग निघेल का?

“भाव मलाही करता येतो,” मी म्हणालो. “पण हा माल विकायला ठेवलेला नाही.”

ऑपरेटरची सही कशी घेतली, ते त्याने त्याच दुपारी सांगितलं. मॅनेजर आणि वर्कशॉपवाला दोघे आरोपी झाले. ऑपरेटरचं नाव वगळण्याचा अहवाल मी न्यायालयाला पाठवला. प्रयोगशाळेचा अहवाल पुष्कळ उशिरा आला. त्यात वेगळं काही नव्हतं.

पण अहवाल वाडीत कोण वाचणार? दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो. फिटरचा बाप ओट्यावर बसला होता. पट्टी, रवा, दोन दिवस, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

“म्हंजे दोन दिसापायी गेला माजा पोरगा.”

मी हो म्हणालो. तो ओट्यावरून उठला. मग शेजारच्या दारात उभ्या ऑपरेटरच्या बायकोकडे तोंड करून म्हणाला, “परवा तेरावं हाय गो. त्याला घेऊन ये.”

या तपासाचं बक्षीस वरिष्ठांना मिळालं. मला नियंत्रण कक्षात बदली मिळाली. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. माझ्या गोपनीय अहवालात वर्षानुवर्षं एकच शेरा आहे: ‘कडक अधिकारी’. पूर्वी तो वाचून छाती फुगायची. आता विचाराल तर कडक मॅनेजर पहिल्याच वळणाला तुटला, आणि ठाण्याच्या पायरीवर नऊ दिवस बसलेली ती बाई मोडली नाही. मीही त्या प्रकरणात ओरडून काही मिळवलं नाही. जे मिळालं ते फाइल न सोडल्याने मिळालं. पण ‘चिवट’ हा शेरा लिहिण्यासाठी सरकारी नमुन्यात रकाना नाही.