डावा कोपरा

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी तांदळाचं पोतं तिसऱ्या मजल्यावर चढवलं. मस्कतच्या हमरियातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट मी राहायला आलो तेव्हापासून बंदच आहे. त्याने खालचं टोक धरलं, मला वरचं दिलं आणि नेहमीसारखं म्हणाला, "तात्या, तुम्ही फक्त धरल्यासारखं करा."

मी धरल्यासारखं केलं. वर पोचल्यावर खोलीतल्यांना सांगितलं, पोतं आम्ही दोघांनी आणलं.

"तात्यांनीच आणलं," तो म्हणाला आणि पायरीवर बसून राहिला. छाती चोळत होता. विचारलं तर म्हणाला, गॅस झालाय.

तुमच्याही ओळखीत असा एक माणूस असेल. टीमच्या प्रत्येक फोटोत असतो, पण कडेला, आणि हातात दुसऱ्यांच्या चपला. आमच्या कबड्डीच्या टीममध्ये तो हा.

वादी कबीरच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोघे कामाला. मी गाड्यांना रंग मारायचो, तो गिअरबॉक्स उतरवायचा. दुसरे लोक त्यासाठी जॅक लावायचे. हा गाडीखाली आडवा व्हायचा आणि गिअरबॉक्स पोटावर घ्यायचा, एखादं पोर घ्यावं तसा. अंगाने म्हैस, चालीने पण म्हैस. धावायला लावला तर हसू यायचं. पण त्याने एकदा काही धरलं की ते सुटत नसे.

शुक्रवारी आमची माणसं वाळूच्या मैदानावर खेळायची. सगळी एका गावची. हा पण आमच्याच गावात वाढलेला, पण मामाकडे. तिथेच सगळी गोची होती.

आमच्या गावात पालखीला खांदा कोणी द्यायचा, पुढे कोण, मागे कोण, हे ठरलेलं आहे. घराण्याचा मान असतो. आजोळी वाढलेल्याला खांदा नाही. बरं, गावात असेल तर असो. पण आमच्या लोकांनी तो मान विमानात घालून मस्कतला आणला. टीममध्ये डावा कोपरा कोणाचा, तर गावातल्या पहिल्या घराण्याचा. त्या घराण्याचा इथे एकच माणूस होता, पिकअप चालवायचा. आम्ही त्याला मानकरीच म्हणायचो. आठवडाभर अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, शिव्या खायचा आणि शुक्रवारी डाव्या कोपऱ्यात अशा ऐटीत उभा राहायचा की समोरच्याला वाटावं, याला हात लावण्याआधी नारळ द्यावा लागेल. बहुतेक चढाईवाले नारळ न देताच हात लावून जायचे.

आणि हा राखीव. वर्षानुवर्षं राखीव. त्याचं काम काय, तर सगळ्यांची घड्याळं, पाकिटं आणि मोबाइल मांडीवर घेऊन बसायचं. शुक्रवार म्हणजे गावाकडून बायकांचे फोन यायचा दिवस. एकामागून एक वाजायचे. सगळे हाच उचलायचा.

"वहिनी, ते चढाईला गेलेत. थांबा जरा. हां, बाद झाले. आता फुरसत आहे, देतो."

गावातल्या बायकांना आमच्या प्रत्येक पराभवाची खबर त्याच्याकडून ताजी मिळायची. त्याचा स्वतःचा फोनही त्याच ढिगात असे. तो वाजायचा फक्त कंपनीच्या मेसेजसाठी. लग्न झालं नव्हतं. मामांनी आपल्या मुलींची केली, याचं राहून गेलं.

माझी बायकोसुद्धा माझ्यापेक्षा त्याच्याशीच जास्त बोलायची. मी फोन घेतला की ती विचारायची, जेवलात का. मी म्हणायचो, हो. संपलं. त्याला मात्र ती गुडघा कुठे दुखतो, शेजारणीने कुंपण किती आत सरकवलं, सगळं सांगायची. मला माझ्या घरची बातमी त्याच्याकडून कळायची.

मी एकदा त्याला विचारलं, "तुला खेळायचंय की नाही?"

"माझं काय, मी आहेच," तो म्हणाला. हे त्याचं ठरलेलं उत्तर. पण बोलताना नजर डाव्या कोपऱ्यावर होती. मानकरी घोटा सोडून चढाईवाल्याच्या खांद्याला झोंबला की याच्या मांडीवरचे मोबाइल खडखडायचे. तेव्हा मला कळलं, याला खेळायचंय, आणि दुसरं काहीच नकोय.

त्याचं नशीब उघडलं ते शिमग्यामुळे. शिमग्याला मानकऱ्याला गावी जावंच लागतं, त्याच्या खांद्याशिवाय पालखी उठत नाही. अर्बाब रजा देईना, तर मानकरी नोकरी सोडायला निघाला. शेवटी मिळाली. त्याच वर्षी नेमकी शिमग्यातच इथे स्पर्धा लागली. टीममध्ये राहिले सहा. सातवा म्हणून गावाला ज्याची गरज नव्हती, असा एकच माणूस इथे उरला होता.

तो बनियन खोचून आत गेला तेव्हा लोक हसले. समोरचा चढाईवाला हडकुळा, विंचवासारखा चपळ. दोनदा आत येऊन गेला. हा हललाच नाही. तिसऱ्या वेळी त्याने याला हात लावायला पाय पुढे टाकला. हा खाली बसला आणि घोटा धरला. बस्स. तो पोरगा वाळूत सरपटला, गडबडा लोळला, पण पाय जागचा हलेना. शिट्टी झाली.

"सोड रे, झाली शिट्टी," पंच ओरडला.

"नक्की झाली ना?" याने वर बघून विचारलं. मग सोडलं.

त्या दिवसापासून आमची टीम जिंकायला लागली. आम्हाला सवय नव्हती, त्यामुळे जिंकल्यावर काय करायचं ते कळेना. फक्त गावाकडून तक्रारी आल्या. हल्ली शुक्रवारी कोणी फोन उचलत नाही म्हणे.

मग मानकरी परत आला. प्रसाद आणला, गुलाल आणला. शुक्रवारी मैदानावर आला, सगळ्यांच्या कपाळाला लावला आणि सरळ जाऊन डाव्या कोपऱ्यात उभा राहिला. हा गडी निमूटपणे बाहेर निघाला. "द्या, मोबाइल द्या," म्हणत हात पुढे करायला लागला. हसत होता. पण कान लाल झाले होते.

टीममध्ये माझं स्थान काय, काहीच नाही. वयाने मोठा, म्हणून सगळे मला विचारायचे आणि स्वतःला हवं तेच करायचे. त्या दिवशी कोणी विचारलं नाही, म्हणून मीच बोललो.

"मानकरी, बाहेर ये."

"तात्या, कोपरा आमच्या घराण्याकडे आहे."

"गावात. इथे तुझं घराणं म्हणजे बंकचा वरचा पलंग. पालखीला खांदा लागतो, तो तुझा. इथे घोटा धरायला लागतो. तुझ्या हातात आजवर एक तरी घोटा राहिलाय?"

"देवाला काय सांगू?"

"देवाला आपण जिंकलेलं चालत नाही का?"

तो चिडला, पिकअप घेऊन निघून गेला. पुढच्या शुक्रवारी आला, लांब उभा राहिला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी बसला आणि मोबाइल मांडीवर घेतले. फोन वाजला की म्हणायचा, "कोण बोलतंय? काय काम आहे?" बायकांना हा बदल अजिबात आवडला नाही.

माझी बायको गेली तेव्हाही मी वर्कशॉपमध्येच होतो. भाच्याचा फोन आला. विमान दुसऱ्या दिवशीचं. खोली माणसांनी भरली. जो तो येऊन सांगायचा, तात्या, धीर धरा, सगळ्यांनाच जायचंय, सुटली बिचारी. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, आता तुम्ही पण सुटा. हा सगळ्यात शेवटी आला. खाली फरशीवर बसला आणि माझा घोटा धरला.

"सोड," मी म्हटलं.

"नाही."

"अरे, मी कुठे पळून चाललोय?"

त्याने पकड ढिली केली नाही. चहा आला, गार झाला, लोक उठून गेले. मग मी रडलो. पकडलेला माणूस जसा अंग सोडतो, तसा. नंतर त्याने सांगितलं, मागच्या शुक्रवारी खेळ संपल्यावर माझा फोन त्यानेच उचलला होता आणि तिने त्याला गुडघ्याला कसला पाला बांधलाय ते सांगितलं होतं. मला ते माहीत नव्हतं.

तर त्या गुरुवारी पोतं चढवून झाल्यावर त्याने ओवा खाल्ला, भात खाल्ला आणि उद्या सोहारची टीम येणार म्हणून लवकर झोपला. सकाळी उठला नाही. हार्ट, म्हणाले. पोलीस आले, गाडी आली. त्याला जिन्यावरून खाली न्यायला आठ माणसं लागली, आणि सगळ्यांना खरंच धरावं लागलं. कंपनीचा माणूस कागदांच्या मागे गेला.

सोहारची टीम तोवर बसमध्ये बसून अर्ध्या वाटेवर आली होती. खेळायचं की नाही? सुतकाची गोष्ट निघाली. त्याच्या भावकीतलं कोणी ओमानात नव्हतं, म्हणजे आमच्यातल्या कोणालाच सुतक नव्हतं. नियमाने आम्ही मोकळे होतो. एवढं मोकळं आम्हाला कधीच वाटलं नव्हतं.

मैदानावर सहा जण उभे राहिले. मी मानकऱ्याला म्हटलं, "जा."

तो रेषेपर्यंत गेला आणि थांबला. "नाही जमणार, तात्या. ती जागा त्याची आहे."

"अरे, ती तुझ्या घराण्याची ना?"

"होती."

बाकीच्यांकडे बघितलं. प्रत्येक जण आपापल्या जागेवर घट्ट उभा. कोणी कोपऱ्याकडे सरकेना. जिवंतपणी ज्याला इतकी वर्षं बाहेर बसवला, त्याला आता एका सकाळीत मानकरी करून टाकला होता. अशाने ती जागा कायमची रिकामी राहिली असती. आमच्या लोकांना देव्हारा बांधायला वेळ लागत नाही.

मी शर्ट काढला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो.

"तात्या, काय करताय? बाहेर या," पंच म्हणाला.

"तू शिट्टी वाजव."

त्याने वाजवली. सोहारचा चढाईवाला आत आला. मला बघून गोंधळला. मी वाकलो, त्याच्या पायाकडे हात टाकला. हात वाळूतच पडला. त्याने माझ्या दंडाला हळूच बोट लावलं आणि परत गेला. मी बाद.

उठायला वेळ लागला. बाहेर येताना मानकऱ्यासमोर थांबलो. "आता ती बाद झालेल्या म्हाताऱ्याची जागा आहे," मी म्हटलं. "तिला काही मान राहिला नाही. जा, उभा राहा."

तो गेला. सोहारवाल्यांनीही हरकत घेतली नाही. मी गुडघ्याची वाळू झटकली आणि रेषेबाहेर बसलो.