विद्यापीठाचं माहेरचं नाव

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी मी विद्यापीठात नोकरी केली आहे. किचनमध्ये.

मुलाचा ले-ऑफ झाला त्या वर्षीची गोष्ट. कॅनडातल्या केंब्रिजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तो इंजिनिअर होता. ऑर्डरी थांबल्या, माणसं घरी पाठवली, त्यात हाही. घर सोडलं आणि पुढच्या एका लहान गावात बेसमेंटमध्ये राहायला गेलो, कारण सुनेचं शिक्षण तिथं चाललं होतं. लहान मुलांची टीचर व्हायचं शिकत होती ती. म्हणाली, सोडून देते.

मी म्हटलं, "सोडू नकोस. मी जाते कामाला."

मुलगा म्हणाला, "आई, तू या वयात तिथं भांडी घासणार?"

"घरी काय करते मग? तिथं तर मशीन घासतं."

साठीला टेकले होते मी. सकाळी आधी दारातला बर्फ फावड्यानं शोव्हल करायचा, मग सुनेचा हात धरून चालत जायचं. ती वर वर्गात, मी खाली किचनमध्ये. गरम पाण्याने बोटांना भेगा पडायच्या. घरी आलं की सून तूप चोळून द्यायची. डावा गुडघा तेव्हाच गेला. असो. काम म्हटलं की एवढं चालायचंच.

किचनची मोठी बाई तिथल्याच शेतकऱ्याची लेक, माझ्याच वयाची. ती मला 'डिअर' म्हणायची, मी तिला 'बाई' म्हणायची. तिला वाटायचं मी बाय-बाय करतेय. "बाई" म्हटलं की घड्याळाकडे बघायची आणि म्हणायची, "चाललीस कुठं? शिफ्ट संपायची आहे अजून." किती दिवस आम्हा दोघींना कळलंच नाही काय गोंधळ आहे.

बटाटे सोलता सोलता तिनं मला त्या जागेची सगळी कथा सांगितली. निम्मी मला कळायची, उरलेली ती हातातली सुरी हलवून समजवायची. आधी तिथं खेड्यातल्या मुलींना मास्तरीण करायची शाळा होती. तिची आई तिथंच शिकली, येताना घरची अंडी घेऊन यायची. मग लढाईवरनं परतलेले शिपाई शिकायला आले, त्यांच्यासाठी मैदानात लाकडी खोल्या बांधल्या. मग सरकारनं कॉलेज केलं, पुढं विद्यापीठ. ज्यांच्या घरात कुणी शिकलं नव्हतं अशी आसपासची पोरं तिथं शिकली. नाव गावाचंच. "आमचं" म्हणायची ती त्याला, आपण आमची म्हैस म्हणतो ना, तसं.

आता सरकार म्हणत होतं, पोरं कमी झाली, खर्च भागत नाही. शहरातल्या मोठ्या विद्यापीठात हे मिळवून टाकायचं. इमारत राहणार, नाव जाणार.

मी तिला म्हटलं, हे आमच्या लग्नासारखं झालं. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. बापाचं नाव तर जातंच, आईनं पाळण्यात ठेवलेलं तेही जातं.

तिनं सोलणं थांबवलं. "मग त्या तांदळाचं काय करता?"

"डब्यात परत. तांदूळ कोण टाकतं?"

"आणि नाव?"

"ताट हललं की गेलं."

माझ्यापुढचे बटाटे तिनं आपल्याकडे ओढून घेतले.

सुनेच्या शेवटच्या वर्षी विद्यापीठानं शिकणाऱ्या सगळ्यांना विचारलं, डिग्रीवर जुनं नाव हवं की मोठ्या विद्यापीठाचं. मुलाला अजून पक्की नोकरी नव्हती. घर सगळं हिच्या डिग्रीकडे डोळे लावून बसलेलं.

मुलगा म्हणाला, "मोठं घे. रेझ्युमेवर दिसतं. जुनं कोण ओळखतंय? म्हणतील, बंद पडलेल्या ठिकाणची डिग्री."

ती माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही सांगा."

"मोठंच घे. नावानं काय होतंय? माझं बदललं, मेले का मी?"

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"तेव्हा विचारत नसत."

"मला विचारलंय ना पण."

मुलगा हसला. "हिच्याशी काय बोलतेस आई. लग्नात ताट समोर आलं तर म्हणाली, आहे तेच लिही. मी मुकाट्यानं लिहिलं."

"अक्षर घाण होतं," सून म्हणाली.

खरं आहे ते. बायका कुजबुजल्या होत्या त्या दिवशी. मला आतून बरं वाटलं होतं, पण ते मी कुणाला बोलले नाही.

तिनं जुनं नाव घेतलं. त्याचं फळ भोगलंही. पहिल्या इंटरव्ह्यूला विचारलं, हे कुठलं विद्यापीठ? नोकरी गेली हातची. पुढं व्हिटबी गावात डेकेअरमध्ये, म्हणजे पाळणाघरात, लागली. तिथं एक पोर रडत होतं, हिनं उचलून घेतलं, ते गप्प झालं. डिग्री त्यांनी नंतर बघितली.

पण मला तिच्या डिग्रीच्या समारंभाचं सांगायचंय. मी खाली पाव भाजत होते. मोठी बाई आली, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि म्हणाली, "जा वर. पाव मी बघते." मी एप्रनसकट हॉलच्या मागच्या दाराशी उभी राहिले. माइकवर त्या जागेचं जुनं नाव घेतलं तसे म्हातारे लोक एकेक करत खुर्चीतनं उठले. काळ्या झग्यात सून चालत गेली. मला नीट दिसलं नाही, डोळ्यात पाणी होतं.

घरी आल्यावर ती माझी बोटं घेऊन बसली. तूप चोळता चोळता म्हणाली, "आई, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते सगळे गेले. मी सांगितलं. माझ्याच तोंडात ते परक्यासारखं वाटलं. ती नुसतं "हं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिंकपाशी होते. मागनं हाक आली, त्याच नावाची, पुढं 'आई' लावून. चहा झाला होता.

पहिल्या हाकेला मी वळलेच नाही. म्हटलं, बोलावतेय कुणाला ही.

दुसऱ्या हाकेला ओ दिली.