खुदेजाचा दगड

फ्रीजर डुगडुगत होता, म्हणून तो दुरुस्त करायला आलेल्या जितेशने शेजारच्या मोकळ्या जागेतला एक चपटा दगड हलवून हलवून उपटला आणि फ्रीजरच्या पायाखाली सारला. तो शिकला त्या देवरुखच्या आयटीआयमध्ये लेव्हलला फार मान होता. आपल्याच कामावर खूश होऊन तो पाना पुसत होता, तेवढ्यात घरमालक जाफर समुद्रावरून परतला आणि दारातच थिजला.

“ये पत्थर किधर से उठाया?”

“उधर से, चाचा. ऐसेही था.”

“ऐसेही नहीं था. खुदेजा का है. मेरी औरत.”

कुमझार म्हणजे ओमानचं पार उत्तरेचं टोक. रस्ता नाही, जितेश राहायचा त्या खसबहून बोटीनेच जायचं. मागे डोंगर, पुढे पाणी, मधल्या चिमूटभर जागेत जिवंत माणसं, शेळ्या आणि मेलेली माणसं शेजारधर्माने राहतात. दोन घरांच्या मध्ये कबरी, कबरींवर दगड, दगडांवर नाव नाही. ज्याचं माणूस, त्यालाच ठाऊक.

“नक्की कुठून?” जाफरने विचारलं.

जितेशने बोट दाखवलं. मग ते बोट जरा डावीकडे सरकलं, मग उजवीकडे. तोवर तिथून शेळ्यांचा कळप जाऊन आला होता. जाफर आपल्या भाषेत, जी कुमझारबाहेर फारसं कुणी बोलत नाही, बराच वेळ काहीतरी बोलला. अर्थ विचारायची गरज पडली नाही. दगड हातात होता आणि बायको हरवली होती.

जाफरने आयुष्यभर मासळीच्या जागा खुणांवर धरल्या होत्या. बोटीतून पाहताना मशिदीचा मिनार सुळक्याखाली आला, डोंगरातली खिंड उघडली, की सोड जाळं. सात वर्षांपूर्वी माती देतानाही त्याने सवयीने मान वर करून खुणा घेतल्या होत्या. मिनार सापडला. पण खिंडीच्या आड शेजाऱ्याचा नवा मजला आला होता.

“चढ वर,” तो म्हणाला.

जितेश शेजाऱ्याच्या गच्चीवर चढला.

“खिंड दिसते?”

“दिसते, चाचा!”

“मग मला तिच्या रेषेत आण. नीट. आता लेव्हल दाखव तुझी!”

“थोडं डावीकडे. अजून. जास्त झालं! मागे. बस.”

जाफर तिथेच गुडघ्यांवर बसला आणि बोटांनी माती चाचपू लागला. एका जागी बोटं आत गेली. दगड मातीच्या जुन्या डागापर्यंत बरोबर बसला. तो हात झटकत उठला. “खलास.”

जितेशने कामाचे पैसे नको म्हटलं. जाफरने ते जबरदस्तीने खिशात कोंबले. “ते फ्रीजरचे. याचं वेगळं.” हिवाळ्यात डोंगरावरून पाण्याचा लोंढा येतो, दगड कलतात, मग गावातले सगळे पुरुष एक दिवस ते सरळ करतात. “त्या दिवशी तू यायचं.”

“इन्शाल्ला,” जितेश म्हणाला.

ही २०१४ ची गोष्ट. त्यानंतर लोंढा दोनदा आला. दोन्ही वेळा जाफरने खसबला फोन केला. एकदा समुद्र खवळलेला होता, एकदा सुटी न मिळाल्याने जितेश.